जाळीवर बसलेल्या बायका

दोन होड्या थोडं अंतर राखून शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि दोघींवर मिळून एकच फळ्यांचा माळा टाकावा, तशी कॅटामरान असते. पुढच्या बाजूला त्या दोन होड्यांच्या मधे जाड दोरीची जाळी ताणून बांधलेली असते. जाळीवर बसलं की खालून पाणी उडतं, अंगावर शिंतोडे येतात, फोटो छान निघतात. मॉरिशसच्या उत्तर टोकाला ग्रां बे नावाचं गाव आहे. तिथून रोज सकाळी अशा बोटी सुटतात, गॅब्रिएल बेटाजवळ नेऊन नांगर टाकतात, लोकांना पोहायला सोडतात, जेवायला घालतात आणि दुपारी चारच्या आसपास परत आणतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशा एका बोटीवर आम्ही पाचजण होतो. नवरा, मी, तेरा वर्षांची मुलगी, नणंद आणि तिचे मिस्टर.

प्रवासवर्णन लिहायला मी बसलेली नाही. निळं पाणी, पांढरी वाळू हे तुम्ही इन्स्टाग्रामवर पाहिलेलंच आहे, आणि ते खरोखरच तसंच आहे. मला लिहायचंय ते त्या जाळीबद्दल.

नांगर पडला तेव्हा बोटीवरच्या मुलांनी मास्क, नळ्या आणि पायात घालायच्या रबरी पंजांचा ढीग समोर ओतला. पाच मिनिटांत गोरे प्रवासी पाण्यात. दहा मिनिटांत आपले भारतीय पुरुष पाण्यात, त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नव्हतं, पण लाइफ जॅकेट घालून, शिडीला धरून, आरडाओरडा करत का होईना, उतरले. आणि बायका? बोटीवर भारतातून आलेल्या अकरा बायका होत्या. मी मोजल्या, कारण मला दुसरं काही काम नव्हतं. गुजराती होत्या, दिल्लीकडच्या होत्या, एक नवं लग्न झालेली पुण्याची होती, हातात चुडा भरलेला. दोघी उतरल्या. नऊजणी जाळीवर बसून राहिलो. नवऱ्यांचे चष्मे, मोबाईल, पाकिटं आणि टॉवेल सांभाळत.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे मी माझ्या समाजाबद्दल बोलणार आहे, आणि मुसलमान बाईनं असं काही लिहिलं की कुणीतरी लगेच टाळ्या वाजवायला उभं राहतं. टाळ्या जरा थांबवा. त्या जाळीवर नऊपैकी मुसलमान आम्ही तिघीच होतो.

मी खाडीकाठची. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, घराच्या मागच्या दारातून दोनशे पावलांवर पाणी. भरतीला ते बांधाला लागायचं. आमचे पुरुष पिढ्यानपिढ्या जहाजावर. माझे आजोबा खलाशी, चुलते खलाशी, अब्बा आखातात जाण्यापूर्वी काही वर्षं बोटीवरच. आपल्या मराठीतले समुद्राचे शब्द जरा काढून पाहा. दर्या, बंदर, खलाशी, सुकाणू, नाखवा. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा, नावेचा धनी. सुकाणू अरबीतून आलं. ज्याची आपण वर्षभर वाट पाहतो त्या पावसाचं इंग्रजी नाव मान्सून, तेही अरबी मौसममधून निघालं. या किनाऱ्यावर अरब-इराणी व्यापारी उतरले, राहिले, इथल्या बायकांशी लग्नं केली, त्यातून आम्ही कोकणी मुसलमान झालो असं आम्ही अभिमानानं सांगतो. समुद्र आमच्या वंशावळीत आहे म्हणतो. आणि त्या वंशावळीतल्या एकाही बाईला पोहता येत नाही. म्हणजे माझ्या माहितीत तरी नाही. दालदी घरांतल्या बायका कमरेपर्यंत पाण्यात उतरून कालवं काढायच्या, तिसऱ्या वेचायच्या, त्यांना आमच्या घरात नाक मुरडलं जायचं. आम्ही ‘चांगल्या घरच्या’. आमचे पाय कोरडे.

मी नऊ वर्षांची असताना लग्नाहून परतणारी एक होडी खाडीत उलटली. पावसाळा नुकताच संपलेला, ओहोटीचा ओढ जोरात. होडीत पुरुष होते, ते सगळे पोहून काठाला लागले आणि काहींनी एकेका पोराला ओढून आणलं. तीन बायका गेल्या. त्यातली एक माझी लांबची खाला होती, अंगावर लग्नाचे कपडे, वरून बुरखा. मय्यतीला आलेल्या मौलवीसाहेबांनी हदीस सांगितली की जो बुडून मरतो त्याला शहीदाचा दर्जा मिळतो. ती हदीस खरी आहे, बुखारीत आहे. ऐकून घरातल्या सगळ्यांना धीर आला, मलाही आला. पण मोठी झाल्यावर कधीतरी वाचनात आलं की आणखीही एक हदीस आहे, नसाईंच्या संग्रहात. त्यात म्हटलंय की अल्लाहच्या स्मरणाशिवायच्या बाकी गोष्टी म्हणजे वेळ घालवणं, मात्र चार गोष्टी सोडून. आणि त्या चारांतली एक आहे पोहायला शिकणं. मुलांना पोहायला शिकवा, असं सांगितल्याचं हजरत उमर यांच्याही नावावर सांगतात. बुडाल्यावर काय मिळतं ते आम्हाला पाठ आहे. न बुडण्यासाठी काय करायचं ते मात्र चाळीस वर्षांत एकाही जुम्याच्या बयानात आमच्यापर्यंत आलं नाही. बयान पुरुष ऐकतात, घरी येऊन सांगतात, त्यांनी गाळलं असेल तर तेही सांगावं.

आता मुलीचं. ती सहाव्या वर्षापासून आमच्या शहरातल्या तलावावर पोहायला जायची. अकराव्या वर्षी तिला फ्री स्टाइल, ब्रेस्ट स्ट्रोक दोन्ही येत होतं, पंचवीस मीटरच्या आठ फेऱ्या न थांबता मारायची. मग ती ‘मोठी’ झाली. तिनं स्वतःच सांगितलं, अम्मी, मला पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा पोहण्याचा ड्रेस हवाय. ऑनलाइन मागवला, नायलॉन-लायक्राचाच, इतर कॉस्च्युमचं असतं तेच कापड. तलावावर सांगितलं गेलं की हे चालणार नाही, ठरलेला कॉस्च्युमच हवा. कारण विचारलं तर म्हणे पाणी खराब होतं. सुती कपड्यानं पाणी खराब होतं, धागे सुटतात, गाळण यंत्र तुंबतं, हे मला समजतं. पण नायलॉन दोन वीत असो की दोन मीटर, त्यानं गाळण यंत्राला काय फरक पडतो? उत्तर नव्हतं. घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, तसंही आता बस झालं, किती दिवस पोरांच्या समोर भिजणार? दोन्ही दारं एकाच आठवड्यात बंद झाली. आणि मी काय केलं? काही नाही. भांडले नाही. तलावावर नाही आणि घरात तर नाहीच. ड्रेस कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. दोन वर्षं तो तिथंच होता. मॉरिशसला निघताना तिनं तो बॅगेत टाकला, आणि बोटीवर मात्र तो सलवार-कमीजच्या आत घालून माझ्याशेजारी जाळीवर बसली. ‘सगळे बघतील’, एवढंच म्हणाली.

त्या बोटीवर पोर्ट लुईचं एक मुसलमान कुटुंब होतं. मॉरिशसमध्ये साधारण सहा माणसांत एक मुसलमान, बहुतेकांचे पूर्वज भारतातून गेलेले. आजी, तिचा मुलगा, सून, तीन नातवंडं. आजी साठीच्या पुढची असणार. डोक्याला घट्ट टोपी, अंगात गुडघ्यापर्यंत अंगरखा आणि खाली चोळणा, सगळं पोहण्याच्या कापडाचं, काळं, बाजूला एक जांभळी पट्टी. बुर्किनी. तिनं मास्कमध्ये थुंकून काच चोळली (काचेवर वाफ धरू नये म्हणून असं करतात, हे मला तिथंच कळलं), नळी तोंडात धरली, शिडीकडे ढुंकूनही न बघता बोटीच्या कडेवरून पाय सोडले आणि गेली. वीस मिनिटं तिची नळी तेवढी पाण्यावर दिसत होती. वर आली तेव्हा नातवाला क्रेओलमध्ये काहीतरी सांगत हसत होती, आणि मग तिची नजर माझ्या मुलीवर गेली. तुटक्या उर्दूत म्हणाली, बेटी, नीचे आओ, तोता मछली है. पोपटमासा. तो प्रवाळ कुरतडून खातो आणि त्याच्या पोटातून पांढरी वाळू पडते.

मुलगी दोन मिनिटं गप्प. मग उठली, कमीज काढून माझ्या मांडीवर टाकली आणि उडी मारली. कुणीही बघितलं नाही. मी मुद्दाम सगळीकडे नजर फिरवली. लोक आपापल्या नळीत पाणी गेलं म्हणून खोकत होते.

बुर्किनीबद्दल मला फार प्रेम आहे असं नाही. मी स्वतः डोकं झाकत नाही, साडी नेसते, आणि बाईचं शरीर हीच सगळ्या फितन्याची जड, असं मानणाऱ्यांशी माझं आयुष्यभर भांडण आहे. पण या कपड्याचा इतिहास बघा. सिडनीत आहेदा झनेट्टी नावाच्या लेबनानी वंशाच्या बाईनं तो 2004 मध्ये तयार केला, तो मुसलमान मुलींना खेळात भाग घेता यावा म्हणून. पुढच्याच वर्षी सिडनीच्या क्रोनुला किनाऱ्यावर दंगल झाली, अरब दिसणाऱ्या पोरांना मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या जीवरक्षक दलात मुसलमान मुली बुर्किनी घालून भरती झाल्या. बुडणाऱ्याला वाचवायला. मला हे फार आवडतं. त्या कपड्यानं त्यांना पाण्यापासून दूर ठेवलं नाही, पाण्यात नेलं.

आणि मग फ्रान्स. 2016 च्या उन्हाळ्यात तिथल्या काही समुद्रकाठच्या नगरपालिकांनी किनाऱ्यावर बुर्किनीला बंदी घातली. ऑगस्ट अखेरीस तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं एका गावच्या बंदीला स्थगिती दिली. पण 2022 मध्ये ग्रेनोबल शहरानं आपल्या तलावांत बुर्किनीला परवानगी दिली तेव्हा त्याच न्यायालयानं ती परवानगी रोखली. म्हणजे समुद्रात चालेल, तलावात नाही. त्या दिवशी आमच्या बोटीवर एक फ्रेंच जोडपं होतं, दोघांच्या अंगात मानेपासून घोट्यापर्यंत काळा रबरी सूट. उन्हानं भाजू नये आणि पाण्यात गारठू नये म्हणून. आजीच्या आणि त्यांच्या कपड्यात फरक तो टोपीचा. रबरी सूट घातला की माणूस साहसी आणि बुर्किनी घातली की बिचारी, हे गणित मला सुटत नाही.

तरीही एक गोष्ट आपल्या लोकांच्या तोंडावर सांगायला हवी. स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरात एका मुसलमान जोडप्यानं आपल्या लहान मुलींना शाळेच्या पोहण्याच्या तासाला पाठवायला नकार दिला, कारण तिथं मुलगेही असायचे. शाळेनं बुर्किनी चालेल म्हटलं होतं. कपडे बदलायला वेगळी सोय देऊ केली होती. मुली वयातही आलेल्या नव्हत्या. तरी नाही. प्रकरण युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि 2017 च्या जानेवारीत आई-वडील हरले. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेव्हा ‘इस्लामवर हल्ला’ असे मेसेज फिरले होते. मी तेव्हा काही लिहिलं नाही, आता लिहिते. न्यायालय बरोबर होतं. कपडा हवा तो दिला, पडदा दिला, आणि तरीही मुलीला पाण्यात उतरू द्यायचं नसेल तर मुद्दा हयेचा उरत नाही. मुद्दा एवढाच उरतो की मुलीनं कोरडं राहावं. माझ्या सासूबाईंचा मुद्दा तोच होता. आणि तलावावरच्या साहेबांचाही तोच होता, दोघांची एकमेकांशी ओळख नसली तरी.

जेवण बोटीवरच होतं. मासा, कोंबडी, कोळंबी, निखाऱ्यांवर भाजलेली. कोंबडी हलाल आहे का विचारायला आम्ही संकोचत होतो, तर भाजणाऱ्या मुलानं न विचारताच मान हलवून सांगितलं. नणंदेचे मिस्टर मराठवाड्यातले, हनफी, त्यांनी कोळंबीकडे बघून जरा विचार केला. आम्ही शाफई, समुद्रातलं सगळं आमचं. त्यांच्या वाट्याची कोळंबी नणंदेनं खाल्ली, लग्नानंतर एवढं तरी स्वातंत्र्य तिनं राखलंय.

जेवणानंतर छोट्या होडीनं बेटावर सोडलं. गॅब्रिएलवर घर नाही, गाव नाही, नुसती वाळू आणि झुडपं. समोर फ्लॅट आयलंड, त्याच्या टोकाला 1855 मध्ये बांधलेलं दीपगृह, आणि दोन बेटांच्या मधे हिरव्या पाण्याची अरुंद पट्टी. ही बेटं म्हणजे एके काळी क्वारंटाइनची जागा होती, हे मी जाण्याआधी वाचलं होतं. 1856 मध्ये कलकत्त्याहून उसाच्या मळ्यांवर करारानं नेलेल्या मजुरांची जहाजं आली, त्यांत पटकी होती, म्हणून माणसांना बंदरात न उतरवता या गॅब्रिएलवर उतरवलं गेलं. शेकडो माणसं, निवारा नाही, पुरेसं पाणी नाही. अडीचशेहून अधिक मेली. एवढा गवगवा झाला की हिंदुस्थान सरकारनं कलकत्त्याहून मॉरिशसला मजूर पाठवणं काही काळ थांबवलं. त्यांत बायका होत्या, मुलं होती, हिंदू होते, मुसलमान होते. आपल्या मुंबई बंदरातूनही पुढेमागे माणसं गेली, रत्नागिरीकडची गेली, म्हणून तर मॉरिशसमध्ये आज मराठी आडनावं आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. बोटीवरच्या कुणी याबद्दल अवाक्षर काढलं नाही. लोक वाळूवर टॉवेल पसरून झोपले. मी त्यांना दोष देत नाही, सुट्टीच्या दिवशी कुणाला कबरी दाखवायच्या? पण मी तिथं वाळूत बसून त्या दोन बेटांमधल्या पाण्याकडे बघत होते आणि मला खाडीतली होडी आठवत होती. समोर काठ दिसतोय आणि आपल्याला तिथं जाता येत नाही.

तेव्हा मुलीनं हात धरला. म्हणाली, इथं उथळ आहे, कमरेपर्यंतच आहे, चल. मी साडी नेसले नव्हते, त्या दिवशी पंजाबी ड्रेस होता. लाइफ जॅकेट घातलं. तिनं मास्क माझ्या डोळ्यांवर बसवला, केस बाजूला काढले, अगदी मी तिला शाळेत पाठवताना करायचे तसं. नळीनं श्वास घ्यायचा म्हणजे आधी नाक विसरायचं. पहिल्यांदा नाकातोंडात पाणी गेलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा चार-पाच श्वास जमले. खाली प्रवाळ बरंचसं करडं, मेलेलं होतं. त्यावरून पिवळे-काळे पट्टे असलेले मासे चालले होते, माझ्या हाताच्या पंजाएवढे. ओढणी माझ्या चेहऱ्यासमोर तरंगत आली आणि मला काही दिसेना. मुलीनं ती ओढून काढली आणि स्वतःच्या कमरेला बांधली. मी 46 वर्षांची आहे. समुद्र मी पहिल्यांदा आतून पाहिला.

पैगंबरसाहेबांच्या काळात उम्मे हराम नावाच्या एक बाई होत्या. हुजूर एकदा त्यांच्या घरी झोपले आणि हसत जागे झाले. म्हणाले, माझ्या उम्मतीतली माणसं सिंहासनावरच्या बादशहांसारखी समुद्रावर स्वार झालेली दिसली. उम्मे हराम म्हणाल्या, दुआ करा, मीही त्यांच्यात असू दे. त्यांनी दुआ केली. पुढे हिजरी 28 च्या सुमारास त्या नवऱ्याबरोबर जहाजातून सायप्रसला गेल्या, तिथं सवारीवरून पडून वारल्या. लार्नाका शहराजवळ एका मिठागरी सरोवराच्या काठी त्यांची मजार आहे. हीसुद्धा बुखारीतलीच. मी ही गोष्ट सासूबाईंना परतल्यावर सांगितली. त्या म्हणाल्या, त्या नवऱ्याबरोबर गेल्या होत्या. मी म्हटलं, हो, पण मागितलं स्वतः. त्यावर त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण विषयही बदलला नाही. आमच्या घरात याला प्रगती म्हणतात.

परतल्यावर मी तलावाच्या कार्यालयात लेखी अर्ज दिला. पहिली मागणी, पोहण्याच्याच कापडाचा पूर्ण ड्रेस चालू द्यावा, कुणालाही, कुठल्याही धर्माच्या बाईला. शेजारच्या मारवाडी कुटुंबातल्या सुनेनं आणि माझ्या शाळेतल्या दोन हिंदू शिक्षिकांनी त्यावर आनंदानं सह्या केल्या, त्यांनाही कॉस्च्युमचीच अडचण होती, फक्त त्यांना ती सांगायला धर्माचं नाव नव्हतं. दुसरी मागणी, बायकांची बॅच दुपारी बारा ते एक आहे, ती बदलावी. त्या वेळेला मुली शाळेत असतात आणि बायका स्वयंपाकघरात किंवा नोकरीवर. तिसरी, बायकांच्या बॅचला बाई प्रशिक्षक द्यावी. आमच्या जमातीच्या कमिटीलाही मी पत्र दिलंय. ईदच्या जेवणाचा खर्च जरा आवरून उन्हाळ्यात गावच्या खाडीत, भरतीच्या वेळी, बांधाच्या आतल्या संथ पाण्यात मुलींना पोहायला शिकवायची सोय करा, असं म्हटलंय. सेक्रेटरीसाहेब भले गृहस्थ आहेत. म्हणाले, आपा, विचार चांगला आहे, पण लोक काय म्हणतील. मी त्यांना त्या होडीतल्या तिघींची नावं सांगितली. त्यातली एक त्यांची चुलत बहीण होती.

तलावाच्या अर्जावर अजून नुसता पोचेचा शिक्का आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे. मुलगी रोज विचारते. दरम्यान तिनं मला कामाला लावलंय. रात्री सगळे झोपल्यावर मी न्हाणीघरात बादलीत तोंड बुडवून श्वास सोडायचा सराव करते. ती दाराबाहेर उभी राहून आकडे मोजते. काल अठरापर्यंत गेले.